अंध मुलाला शिकवायला सगळं थोडं-थोडं येणारा शिक्षक पुरत नाही

महाराष्ट्रात आसपासच्या शाळांचा गट मिळून एक केंद्र होतं, अशी ४८६० केंद्रं आहेत, आणि २०२४ मध्ये सरकारने केंद्राला एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची, ४८६० पदं मंजूर केली, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांना त्यात सामावून घ्यायचं ठरवलं. त्याच्या आधी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात सांगून झालं होतं की साध्या शाळांमध्येही विशेष शिक्षक लागतात आणि ते कायमच्या पदावर लागतात. त्यामुळे हा निर्णय आला तेव्हा आमच्या लोकांना जो आनंद झाला तो रास्तच होता. दर सहा महिन्यांनी ऑर्डरची वाट बघणं म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत.

पण आता पदं आली म्हणून प्रश्न मिटला असं जे सगळे धरून चाललेत ना, तिथे मला बोलायचंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. केंद्राला शिक्षक एक. तो कशातली डिग्री घेऊन आलाय हे केंद्रातली मुलं बघून ठरत नाही, म्हणजे श्रवणदोषातलं बी.एड. केलेल्याच्या वाट्याला अंध मूल येतं, दृष्टिबाधेतलं केलेल्याच्या वाट्याला स्वमग्न मूल येतं, आणि दोघंही प्रामाणिकपणे जमेल तेवढं करत राहतात. कागदावर मात्र दोन्ही मुलांना ‘विशेष शिक्षक उपलब्ध’ असा टिक होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अंध आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवणं हा वेगळा, खोल विषय आहे, त्यासाठी पदवीनंतरचं खरंखुरं शिक्षण लागतं, आणि तसं शिकलेला माणूस तालुक्याला किमान एक तरी असलाच पाहिजे.

मी स्वतः दृष्टिबाधेत स्पेशल बी.एड. आणि मग एम.एड. केलंय आणि बरीच वर्षं झेडपीच्या शाळांमध्ये फिरून शिकवलंय. म्हणजे माझ्या विषयाची बाजू घेऊन बोलतेय हे उघड आहे. तरी समोरच्याचं म्हणणं आधी मांडते, कारण ते पोकळ नाहीये. अंध मुलं संख्येने कमी असतात. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असलेली मुलं प्रत्येक केंद्रात सापडतील, पूर्ण अंध मूल कदाचित एखादंच सापडेल, कदाचित एकही नाही. मग प्रत्येक केंद्राला ब्रेलवाला शिक्षक देऊन तो दिवसभर करणार काय? अगदी बरोबर. मी प्रत्येक केंद्राला मागतच नाहीये. केंद्रावरचा शिक्षक सगळ्यांकडे बघणाराच असू दे, पण त्याच्या पाठीमागे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दृष्टिबाधेतला पक्का माणूस बसलेला हवा, जो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्या मुलाच्या शाळेत जाईल. अमेरिकेत याच पद्धतीने चालतं, तिथे टीव्हीआय म्हणतात, टीचर ऑफ द व्हिज्युअली इम्पेअर्ड, एकेक टीव्हीआय अनेक शाळांमध्ये गाडी घेऊन फिरतो आणि त्याला साधारणपणे याच विषयातलं वेगळं सर्टिफिकेशन लागतं, अनेक जण त्यासाठी मास्टर्स करतात. त्यांच्याकडेही असे शिक्षक कमी पडतात, पण म्हणून त्यांनी विषयच पातळ करून टाकला नाही.

आता लोक विचारतात की एवढं शिकण्यासारखं असतं तरी काय त्यात, ब्रेल तर तीन महिन्यांत येतं. हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये ऐकलंय, ऑफिसमध्ये ऐकलंय, पालकांकडूनही ऐकलंय. तर जरा जवळून बघू.

ब्रेलचं एक घर म्हणजे सहा टिंबं. पाटीवर स्टायलसने टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठी त्यातच लिहितात. छापील मराठीत पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी क मग इ, मात्रांना वेगळी चिन्हंच नाहीत, इ म्हणजेच वेलांटी. जोडाक्षर असेल तर चार नंबरचं टिंब आधी टोचायचं आणि मग अर्धं होणारं अक्षर, म्हणजे ‘स्वर’ लिहायचा तर चौथं टिंब, स, व, र. हे नियम कोणीही आठवडाभरात पाठ करेल, त्यात वाद नाही. पण चौथीतलं मूल वाचताना अडतंय तेव्हा ते का अडतंय हे ओळखायला नियम पुरत नाहीत, त्याचे हात बघता यावे लागतात. काही मुलं एकाच बोटाने वाचतात आणि प्रत्येक घरावर बोट वर-खाली घासत बसतात, कारण सुरुवातीला कोणी थांबवलं नाही. असं मूल सगळी अक्षरं ओळखतं, परीक्षेत ‘ब्रेल येतं’ असा शेरा मिळवतं, आणि तरी एक पान वाचायला इतका वेळ लावतं की सातवीपर्यंत वाचनच सोडून देतं. बोट हलकं ठेवून सरळ सरकवणं, ओळ संपत आली की डाव्या हाताने पुढच्या ओळीची सुरुवात शोधून ठेवणं, या सवयी पहिली-दुसरीत लागल्या तर लागल्या. त्या लावायला शिक्षकाने अशी शंभर पानं मुलांशेजारी बसून काढलेली असावी लागतात. पुस्तकात वाचून हे येत नाही, आणि व्हिडिओ बघून तर नाहीच.

गणिताचं तर विचारूच नका, खरं तर मी हा लेख गणितासाठीच लिहितेय.

टेलर फ्रेम म्हणून एक पाटी असते, तिला आठ कोनांची भोकं असतात आणि त्यात बसवायला धातूचे छोटे चौकोनी खिळे, त्यांना टाइप म्हणतात. टाइपच्या एका टोकाला उठलेली कड असते, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. टाइप भोकात आठ दिशांना बसवता येतो, कडेचं टोक वर ठेवलं की दिशेप्रमाणे १ ते ८, टिंबांचं टोक वर ठेवलं की ९, ० आणि अधिक, उणे वगैरे चिन्हं. बीजगणिताचे टाइप वेगळे. सराव झालेलं मूल यावर उभी बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार सगळं करतं, आणि बोटं फिरवून आपली चूक स्वतः शोधतं. हे फार महत्त्वाचंय, स्वतः शोधतं. एका गावात सातवीतली एक मुलगी होती, अतिशय तल्लख, तोंडी हिशोबात वर्गात पहिली. तिला तीन अंकी तीन संख्यांची बेरीज फ्रेमवर मांडायला सांगितली तर तिने तिन्ही संख्या एकाच ओळीत मांडल्या. एकाखाली एक लिहायचं असतं, एककाखाली एकक येतं, हे तिला कधी हाताने जाणवलंच नव्हतं. तिचे गुरुजी मनाने खूप चांगले, तिला पुढच्या बाकावर बसवायचे, तिच्याशी प्रेमाने बोलायचे, पण फळ्यावर गणित सोडवताना म्हणायचे की हे इथून इकडे घ्यायचं, हा खाली आला, याचा हातचा वर गेला. इथे, इकडे, हा, वर. तिच्यासाठी त्या तासात एकही शब्द कामाचा नव्हता. फ्रेम गावात होती, गटसाधन केंद्रातून कधीतरी किटमध्ये मिळालेली, टाइपचा डबा सील तोडलेला सुद्धा नव्हता. वापरायला शिकवणारं कोणी आलंच नव्हतं, जे यायचे त्यांची डिग्री दुसऱ्या दिव्यांगत्वातली होती आणि त्यांचा यात काही दोष नाही.

मग पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. बोर्डाची सवलत आहे की दिव्यांग विद्यार्थ्याला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. सवलत असावी, ज्याला खरंच गरज आहे त्याला मिळावी, मी ती काढा म्हणत नाही. पण अंध मुलांच्या बाबतीत ती सवलत राहिलेली नाही, तो सरळ रस्ताच होऊन बसलाय. आठवीतच शाळा सांगते की याला गणित नको, सवलतीचा फॉर्म भरा. मुलाला गणित येत नाही म्हणून नाही, शिकवणाऱ्याला ब्रेलमधलं गणित येत नाही म्हणून. दहावीला गणित सुटलं की सायन्स गेलं, डिप्लोमा गेला, आणि बँकेच्या परीक्षेत क्वांटिटेटिव्हचा पेपर समोर आला की बारा वर्षांची भर एका क्लासमध्ये घालायची वेळ येते. आंध्रच्या श्रीकांत बोल्लाने दहावीनंतर सायन्स मागितलं तेव्हा नाही म्हणाले, त्याला कोर्टात जावं लागलं, मग बारावीला ९८ टक्के काढून तो एमआयटीला गेला. त्याचं नाव आपण भाषणात घेतो. पण असं कोर्टात जाणं किती घरांना जमणार?

अकरावी-बारावीच्या गणिताला टेलर फ्रेमही पुरत नाही, तिथे नेमेथ कोड लागतो. अब्राहम नेमेथ हा अमेरिकन गणितज्ञ स्वतः अंध होता, त्याने गणितासाठी ब्रेलची वेगळी लिपी बसवली, १९५२ मध्ये ती छापली गेली. त्यात अपूर्णांक सुरू झाला याचं एक चिन्ह, संपला याचं एक चिन्ह, घातांक वर गेला याचं चिन्ह, परत खाली आला याचं चिन्ह. का लागतं एवढं सगळं? कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, एक छेद क्ष अधिक दोन. आता सांगा छेदात फक्त क्ष आहे की क्ष अधिक दोन आहे. डोळ्यांना अर्ध्या सेकंदात कळतं, कानाला कळतच नाही. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्या मुलाचं अर्धं गणित इथेच चुकतं, आणि लेखनिकाला तर बऱ्याचदा नियमाने मुलापेक्षा खालच्या वर्गातला घ्यावा लागतो.

भूमितीलाही वाट आहे. रबरी मॅटवर प्लास्टिकची पातळ शीट ठेवून बॉलपेनने दाबून रेघ मारली की रेघ वर उठून येते, मुलाला बोटाने त्रिकोण वाचता येतो आणि स्वतःलाही काढता येतो. शीट स्वस्त आहे. शिकवणारा हवा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र, एक्सआरसीव्हीसी, २००३ पासून अशा कामात आहे, तिथे बघून आलेला शिक्षक परत येऊन वेगळंच शिकवायला लागतो हे मी सहकाऱ्यांमध्ये पाहिलंय. पण ते मुंबईत आहे, आणि मूल किनवटला आहे.

बरं, आत्तापर्यंत मी फक्त पूर्ण अंध मुलांचं बोलले. आपण ज्यांना अंध म्हणून यादीत टाकतो त्यातल्या बऱ्याच मुलांना थोडी नजर असते. कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी (६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवर आल्यावर दिसणं) पण ३/६० पर्यंत, किंवा बघायचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी. आता ६/६० लिहिलेली दोन मुलं घ्या. एकाच्या डोळ्याच्या मध्यभागी डाग आहे, त्याला चालताना अडचण नाही पण वाचायला मोठं अक्षर लागतं. दुसऱ्याचा कडेचा आवाका गेलाय, त्याला मोठं अक्षर दिलं तर उलट एका वेळी एकच अक्षर मावतं आणि वाचन आणखी हळू होतं. सर्टिफिकेटवर टक्के सारखे येऊ शकतात, शिकवायचं मात्र पूर्ण उलट. आणि शाळेत काय होतं? दोघांनाही मोठ्या अक्षरांचं पुस्तक, दोघांनाही पहिला बाक. पहिल्या बाकावर खिडकीचा उजेड तोंडावर येत असेल तर काही मुलांना तिथूनच सगळ्यात कमी दिसतं, हे तपासायला कोणी शिकवलेलंच नसतं.

आणि आता एक नवीन गट वाढतोय ज्याच्याबद्दल आमच्या जुन्या बॅचेसना जवळजवळ काहीच शिकवलं नव्हतं. डोळा ठीक आहे, पण मेंदूतला बघण्याचा भाग जन्माच्या वेळी दुखावलाय, त्याला सीव्हीआय म्हणतात. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं आता वाचतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचा आजारही जास्त असतो आणि सीव्हीआयही. अशा मुलाला सकाळी दिसतं, दुपारी थकल्यावर दिसत नाही. हलणारी वस्तू दिसते, स्थिर वस्तू दिसत नाही. गर्दीच्या चित्रातलं मांजर सापडत नाही पण काळ्या कापडावर एकटं ठेवलेलं पिवळं खेळणं लगेच सापडतं. घरचे म्हणतात नाटक करतो, शाळा म्हणते लक्ष देत नाही, आणि डोळ्याचे डॉक्टर म्हणतात डोळा नॉर्मल आहे. कोणीतरी एकाने हे ओळखायचं तर तो शिक्षकच असणार, आणि ओळख पटायला एक दिवसाची कार्यशाळा पुरणार नाही.

चालण्याचं पण तसंच. पांढरी काठी हातात दिली म्हणजे चालायला शिकवलं असं नाही. काठी पुढे अर्धगोलात फिरवायची, उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे असलं पाहिजे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासून झालेली असते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवरने १९४४ च्या सुमारास बसवली आणि १९६० मध्ये बोस्टन कॉलेजात फक्त चालणं-फिरणं शिकवणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा मास्टर्सचा कोर्स सुरू झाला. चालायला शिकवण्यासाठी मास्टर्स! तिकडे त्यांना हे हास्यास्पद वाटलं नाही कारण शिकवणाऱ्याला स्वतः डोळ्यावर पट्टी बांधून रस्ते ओलांडून दाखवावे लागत होते आणि जबाबदारी जिवाची होती. आपल्याकडे एसटी स्टँडवर उतरून स्वतःच्या कॉलेजात एकट्याने जाता येतं की नाही यावर मुलाचं पुढचं शिक्षण ठरतं, खास करून मुलींचं. सोबत सोडायला-आणायला कोणी नाही म्हणून दहावीनंतर घरी बसलेल्या मुली मला प्रत्येक तालुक्यात भेटल्यात.

फिल हॅटलेन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्ये मांडलं होतं की डोळस मूल बघून-बघून जे आपोआप शिकतं ते अंध मुलाला मुद्दाम शिकवावं लागतं. त्याने आठ क्षेत्रं सांगितली, त्यात चालणं-फिरणं, तंत्रज्ञान, घरातली कामं, लोकांत वागणं, करिअर असं सगळं येतं, आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं हे नववं नंतर जोडलं गेलं. आपल्या तपासणीत या कशाचाच रकाना नाही. हजेरी, भत्ता, साहित्य मिळालं का, झालं.

आता मोबाईलचा मुद्दा, कारण तो आला नाही असं कधी होत नाही. फोन बोलतो, कॉम्प्युटरची स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर एनव्हीडीए फुकट आहे, पुस्तकं ऑडिओत मिळतात, मग ब्रेल कशाला आणि ब्रेलचा शिक्षक कशाला? मी मुलांना स्क्रीन रीडर शिकवते आणि तो प्रत्येकाला आलाच पाहिजे या मताची आहे, त्याने किती दारं उघडली ते मी बघितलंय. पण फक्त ऐकून शिकलेल्या मुलाचं मराठी लिखाण एकदा बघा. पाणी ऱ्हस्व, दिन आणि दीन एकच, श आणि ष मध्ये फरक असतो हेच माहीत नाही, परिच्छेद कुठे सोडायचा माहीत नाही, कारण त्याने शब्द कधी पाहिलेच नाहीत, ना डोळ्याने ना बोटाने. डोळस मुलाला कोणी म्हणेल का की तुला आता ऑडिओबुक आहे, लिहा-वाचायला शिकू नको? आणि गणिताचं तर वर सांगितलंच. शिवाय स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले, फोन हे नीट शिकवायलाही माणूसच लागतो, म्हणजे तंत्रज्ञान आलं म्हणून या शिक्षकाचा अभ्यास कमी झाला नाही, उलट वाढला.

मग हा शिक्षक तयार कुठे होतो? भारतात विशेष शिक्षणाचे कोर्स आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद मान्य करते, १९९२ चा कायदा आहे, नोंदणी नंबर नसताना हे काम करणं गुन्हा आहे. डेहराडूनला दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्याकडे मुंबईत १९०० च्या आसपास अंध शाळा सुरू झाल्या, दादरची आणि ताडदेवची, पुण्यात १९३४ पासून शाळा आहे, १९५२ पासून नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं, काम आहे. म्हणजे या विषयातला शंभर वर्षांचा अनुभव महाराष्ट्रातच आहे. आणि तरी दृष्टिबाधेच्या बी.एड.च्या बॅचला मुलं मिळत नाहीत म्हणून कॉलेजं ती बॅच बंद करतात, कारण अध्ययन अक्षमता घेतली तर शहरातल्या खासगी शाळांत पटकन नोकरी लागते आणि दृष्टिबाधा घेतली तर कंत्राट.

अभ्यासक्रमात पहिला मोठा भाग सगळ्या दिव्यांगत्वांची ओळख, तो हवाच. पण विशेष विषयाला उरलेल्या वेळात ब्रेल, गणित, चालणं-फिरणं, अल्पदृष्टी, तंत्रज्ञान, पालक, मूल्यमापन एवढं सगळं कोंबलेलं असतं. मुक्त पद्धतीने डिग्री घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, नोकरी करत, घर सांभाळत, रविवारच्या संपर्क वर्गाला लांबून येतात. तरी स्पष्ट बोलते, टेलर फ्रेम आणि काठी रविवारच्या वर्गात येत नाही. आणि एम.एड.? तिथे तरी खोलात जायला मिळेल अशी माझी आशा होती. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, प्रबंध, हे सगळं शिकले आणि कामाला आलं नाही असं नाही, पण दोन वर्षांत नेमेथ कोडचं एक पान पुढे गेलं नाही, सीव्हीआय एका व्याख्यानात संपलं. प्रबंध बहुतेकांचे ‘दृष्टिकोनाचा अभ्यास’ या जातीचे, शिक्षकांचा दृष्टिकोन, पालकांचा दृष्टिकोन, प्रश्नावली वाटा आणि टक्केवारी काढा. मुलगा अपूर्णांक कुठे अडतो यावर प्रबंध का नाही होत? मराठी ब्रेल वाचायचा वेग कोणत्या वयात किती असावा, याचं आपल्याकडे वर्गात वापरता येईल असं माप का नाही? हे काम एम.एड.च्या विद्यार्थ्यांनी करायचं नाही तर कोणी करायचं?

म्हणून मला एम.एड. आहे तशी वाढवून नकोय. बी.एड.नंतर, काम करत असलेल्या शिक्षकासाठी, पगारी रजेवर एक वर्षाचा पदव्युत्तर कोर्स हवा, ज्यातला निम्मा वेळ अंध शाळेत आणि निम्मा झेडपीच्या शाळेत अनुभवी शिक्षकाबरोबर फिरण्यात जाईल. अंध शाळा आता गरजेच्या नाहीत, समावेशित शिक्षण आलंय, असं म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण ब्रेलचं आणि गणिताचं खरं ज्ञान अजून तिथल्या जुन्या बाई-सरांच्या हातात आहे आणि ते एकेक करून रिटायर होतायत. त्यांना प्रशिक्षक म्हणून मानधन देऊन घ्या, आत्ताच घ्या.

आणि स्वतः अंध असलेले शिक्षक! २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय की दिव्यांग शिक्षकांसह, सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करा आणि नेमा. ब्रेल ज्याची रोजची लिपी आहे त्याच्याइतकं ते दुसरं कोण शिकवणार? मुलांना आपल्यासारखाच मोठा माणूस पगार घेताना, बस पकडताना, चिडताना, हसताना दिसणं हे तर वेगळंच. पण याच कोर्सला आलेल्या अंध विद्यार्थ्याला नोट्स स्कॅन केलेल्या फोटोत मिळतात जे स्क्रीन रीडर वाचत नाही, प्रॅक्टिकलला ‘तुम्ही फक्त बसा’ म्हणतात, आणि नोकरीच्या वेळी विचारतात की तुम्ही एवढ्या शाळा फिरणार कशा. फिरतात. मदतनीस द्या, प्रवासखर्च द्या, आणि डोळस-अंध अशी जोडी करून ट्रेनिंग द्या, दोघांना एकमेकांकडून शिकता येईल.

पैसा लागेल, हो. पण महाराष्ट्रात तालुके साडेतीनशेच्या आसपास आहेत, म्हणजे आपण साडेतीनशे-चारशे माणसांबद्दल बोलतोय. त्यातले बरेच जण आत्ताही यंत्रणेत आहेत, दृष्टिबाधेचीच डिग्री घेऊन भलत्याच केंद्रात भलतंच काम करतायत. आधी त्यांची यादी काढा, कोणाकडे कोणती आरसीआय नोंदणी आहे हे ऑफिसात असतंच, ती यादी आणि दृष्टिबाधित मुलांची यूडायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीतली, यादी शेजारी ठेवा. पहिल्या दिवसाचं काम एवढंच आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

नवीन भरतीत तर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दृष्टिबाधेचा शिक्षक म्हणून येणाऱ्या उमेदवाराला फक्त पर्यायी प्रश्नांची परीक्षा घेऊ नका. त्याच्या हातात ब्रेल पाटी द्या आणि चौथीच्या मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद लिहायला सांगा, टेलर फ्रेमवर हातच्याची वजाबाकी मांडायला सांगा, एक अपूर्णांकाचं समीकरण नेमेथमध्ये लिहायला सांगा, अल्पदृष्टी मुलाचा रिपोर्ट देऊन याला वर्गात कुठे बसवाल ते विचारा. अर्धा तास लागेल. तपासायला अंध शाळेतले दोन शिक्षक बसवा, त्यातला एक अंध असू दे, आणि जो नापास होईल त्याला घरी न पाठवता या एक वर्षाच्या कोर्सला पाठवा.